पाकिटावरची सही

मतदानाचा मंगळवार उलटून आठवडाही झाला नव्हता, तोच आईच्या नावाने आमच्या काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, निवडणूक कार्यालयाचं पत्र आलं. पातळ पाकीट, आत दोन कागद. आईला आता वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं. तुमच्या मतपत्रिकेच्या पाकिटावरची सही आमच्या नोंदीतल्या सहीशी जुळत नाही, त्यामुळे तुमचं मत अजून मोजलेलं नाही. सोबतच्या फॉर्मवर सही करून तो दिलेल्या तारखेच्या आत परत पाठवा.

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "परत वाच."

मी परत वाचलं.

"सही जुळत नाही, हे मी बँकेत ऐकलंय," ती म्हणाली. "पण तिथे पैसे आपलेच असतात. आज नाही तर उद्या मिळतात. हे मत उद्या कुठून मिळणार?"

आई ऐंशीला टेकली आहे. उभी हयात तिने शाळेत इंग्रजी शिकवलं. बारा वर्षांपूर्वी ती आमच्याकडे वॉशिंग्टन राज्यात राहायला आली. हे राजधानीचं वॉशिंग्टन नव्हे. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातलं, पॅसिफिकच्या काठावरचं राज्य. सहा वर्षांपूर्वी तिने नागरिकत्वाची शपथ घेतली. त्या दिवशी हॉलच्या दाराशी मतदार नोंदणीचे फॉर्म घेऊन काही स्वयंसेवक उभे होते. तिने तिथल्या तिथे फॉर्म भरला आणि खाली इंग्रजीत सही केली. सगळा फॉर्म इंग्रजीत, मग सही तरी वेगळी कशाला, असं तेव्हा तिचं म्हणणं होतं. ती सही काउंटीच्या नोंदीत गेली आणि पुढच्या तीन-चार निवडणुकांत पाकिटावरची सही तिच्याशी बिनबोभाट जुळत राहिली.

मग डोळे गेले. मॅक्युलर डिजनरेशन. नजरेच्या मधोमध एक डाग बसला आणि हळूहळू पसरत गेला. तिला कडेचं दिसतं, समोरचं नाही. माझा चेहरा दिसत नाही, पण कानातलं दिसतं. तर या वेळी मी तिचं बोट पाकिटावरच्या सहीच्या जागेशी नेऊन ठेवलं, तिने पेन टेकवलं आणि एका दमात सही केली. देवनागरीत. आद्याक्षर, पुढे आडनाव, वर न थांबता ओढलेली शिरोरेघ, खाली एक तिरकी रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं. पहिल्या पगाराच्या वेळी मस्टरवर केली, तीच ही सही. इंग्रजी सही तिने डोळ्यांनी शिकली होती. डोळ्यांची साथ सुटली, तेव्हा हात आपणहून जुन्या सहीकडे गेला. मी शेजारीच बसले होते. मला ते दिसलं, आणि त्यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही. सही सुरेख आली होती.

इथली पद्धत थोडी सांगायला हवी. वॉशिंग्टन राज्यात मतदान टपालाने होतं. आधी काही काउंट्या, मग बहुतेक, आणि २०११ च्या कायद्यानंतर सगळ्याच्या सगळ्या ३९. मतदानाच्या १८ दिवस आधी मतपत्रिका टपालात पडतात. आपण घरी बसून, वाचून, विचार करून खुणा करायच्या, मतपत्रिका आतल्या आवरणात घालायची आणि ते आवरण परतीच्या पाकिटात. पाकिटावर छापील प्रतिज्ञा असते: मी अमेरिकेची नागरिक आहे, या राज्यात राहते, या निवडणुकीत एकदाच मत देत आहे. तिच्याखाली सही. पाकीट टपालात टाका, नाहीतर रात्री आठच्या आत चौकातल्या ड्रॉप बॉक्समध्ये. टपाल तिकीट लागत नाही. २०१८ पासून तो खर्च सरकारच्या अंगावर आहे.

म्हणजे मतदान केंद्रावर जे काम ओळखपत्र करतं, बोटावरची शाई करते, ते सगळं इथे त्या एका सहीवर येऊन पडतं. प्रशिक्षण घेतलेली माणसं पाकिटावरची सही आणि नोंदीतली सही शेजारी शेजारी ठेवून पाहतात. अक्षरांचा कल, उंची, अंतर, कुठे सुरुवात, कुठे शेवट. आतल्या मताशी त्यांचा संबंध नसतो, कारण ते अजून आवरणात असतं. सही जुळली की पाकीट पुढे, नाही तर बाजूला, आणि मतदाराला पत्र. निकाल प्रमाणित होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत चूक सुधारता येते. सही करताच येत नसेल तर नुसती खूण चालते, मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. निशाणी डावा अंगठा, हे शब्द ऐकत मोठे झालेलो आपण. खूण करणाऱ्याच्या शेजारी दोन माणसं उभी राहणं आपल्याला नवं नाही.

पण ही पत्रं सगळ्यांच्या घरी सारख्या प्रमाणात जात नाहीत. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२० च्या निवडणुकीतल्या नाकारलेल्या पाकिटांचा अभ्यास करून २०२२ मध्ये अहवाल दिला. एकूण नाकारलेली पाकिटं थोडी, शेकड्याला एकही नाही. मात्र कृष्णवर्णीय मतदारांची पाकिटं गोऱ्या मतदारांच्या चौपट प्रमाणात बाजूला पडली होती. इतर अल्पसंख्य समाजांचं प्रमाणही गोऱ्यांपेक्षा बरंच जास्त होतं. तरुणांचंही. सह्या तपासणाऱ्यांनी पक्षपात केल्याचा पुरावा लेखापरीक्षकांना सापडला नाही. मला हे जास्त अस्वस्थ करतं. कुणाचा हेतू वाईट नाही, प्रत्येक जण नेमून दिलेलं काम नीट करतो आहे, आणि तरी चाळणीची भोकं काहींसाठी बारीक आहेत. ज्याचं अख्खं आयुष्य एका लिपीत, एका हाताने, एका नावाने गेलं, त्याची सही जुळते. ज्याने देश बदलला, लिपी बदलली, लग्नाने नाव बदललं, म्हातारपणाने हात बदलला, त्याला पत्र येतं.

आम्ही फॉर्म टपालाने पाठवू शकलो असतो. आई म्हणाली, "मला समोर जायचंय." तर गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी आईचं नाव शोधलं आणि स्क्रीन आमच्याकडे थोडी वळवली. वर इंग्रजी सही, खाली देवनागरी. आईने मान तिरकी केली. डोळ्यांच्या कडेने बघायची तिची ती पद्धत आता आमच्या सवयीची झाली आहे. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "खालची माझी आहे. वरचीही माझीच आहे, पण ती शिकवलेली आहे."

मी इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत, हे मला फार आवडलं. त्या म्हणाल्या, "मला पटतंय हो. पण मला पटून भागत नाही, ते कागदावर यायला लागतं." मग त्यांनी खणातून एक काळी प्लॅस्टिकची पट्टी काढली. पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, मध्ये लांबट खाच. ती फॉर्मवर सहीच्या जागी धरली आणि आईचं बोट खाचेच्या कडेवरून एकदा फिरवून आणलं. आईने खाचेत सही केली. शिरोरेघ वरच्या कडेला लागून सरळ गेली. खालच्या टिंबांना जागा उरली नाही, तेव्हा आईने पट्टी स्वतः बाजूला सारली आणि टिंबं दिली. एक. दोन.

आता नोंदीत ही सही आहे.

त्यानंतर मी या राज्यातल्या सह्यांच्या मागेच लागले. आणि काय काय सापडलं!

राज्याचा जन्मच मुळी एका राहून गेलेल्या सहीपाशी अडला होता. १८८९ सालच्या १ ऑक्टोबरला लोकांनी राज्याची घटना मंजूर केली. प्रमाणित प्रत राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्याकडे रवाना झाली. सगळे घोषणेची वाट पाहत असताना राजधानीतून उलट निरोप आला: कागदांतल्या एका प्रमाणपत्रावर टेरिटरीचे, म्हणजे राज्य होण्याआधीच्या प्रदेशाचे, गव्हर्नर माइल्स मूर यांची सहीच नाही. मग धावपळ, नवी प्रत, नवी सही. अखेर ११ नोव्हेंबरला वॉशिंग्टन ४२ वं राज्य झालं. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग गव्हर्नरलाही पत्र आलंच म्हणायचं." त्या दिवशी ती पहिल्यांदा मोकळी हसली.

दुसरी गोष्ट २००४ ची. गव्हर्नरपदाची निवडणूक, डीनो रॉसी विरुद्ध क्रिस्टीन ग्रेग्वार. जवळपास २८ लाख मतं. पहिल्या मोजणीत रॉसी २६१ मतांनी पुढे. यंत्रांनी फेरमोजणी केली, ४२ मतांनी पुढे. मग हाताने मोजणी सुरू झाली. त्या दिवसांत किंग काउंटीच्या परिषदेचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स न मोजलेल्या मतांची यादी पाहत होते, आणि त्या यादीत त्यांना स्वतःचं नाव दिसलं. त्यांनी मत दिलं होतं, पाकिटावर सहीही केली होती. शोध घेतल्यावर उलगडा झाला: पाकिटावरची सही पडताळायला संगणकात नमुनाच नव्हता. मूळ कागदावर नमुना होता, पण त्याची प्रतिमा संगणकात चढली नव्हती आणि कागद काढून पाहायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. अशी ५७३ पाकिटं निघाली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, पाकिटं विचारात घ्यायला परवानगी मिळाली, आणि शेवटी ग्रेग्वार १२९ मतांनी निवडून आल्या.

२८ लाखांत १२९! या आकड्यापाशी मी अडकून राहते. पक्ष कुठला जिंकला याच्याशी मला इथे कर्तव्य नाही. कुठल्या तरी कपाटात सहीचा कागद जपून ठेवलेला होता, आणि कपाट उघडून पाहण्याची सोय होती. संगणकाने 'नाही' म्हटल्यावर कागदाने 'आहे' म्हटलं.

हा सगळा कारभार ज्या कार्यालयाच्या देखरेखीखाली चालतो, ते सेक्रेटरी ऑफ स्टेटचं कार्यालय. देशाच्या पातळीवर हे पद परराष्ट्रमंत्र्याचं. राज्यात मात्र त्याचा अर्थ अगदी निराळा आहे. आपल्याकडचे चिटणीस आणि दप्तरदार हे दोन जुने शब्द एकत्र केले, की हा माणूस काय करतो ते नीट कळतं. निवडणुका त्याच्याकडे. राज्याचं पुराभिलेखागार त्याच्याकडे. राज्य ग्रंथालयही त्याच्याकडे. आणि राज्याची मुद्रा त्याच्याच ताब्यात. ही मुद्रा १८८९ मध्ये ऑलिंपियातले, म्हणजे राज्याच्या राजधानीतले, सराफ चार्ल्स टॅलकॉट यांनी आखली. शाईची दौत कागदावर ठेवून एक वर्तुळ, चांदीचा डॉलर ठेवून दुसरं, दोन्हींच्या मधल्या जागेत अक्षरं, आणि बरोबर मध्यभागी जॉर्ज वॉशिंग्टनचं चित्र असलेलं टपालाचं तिकीट चिकटवलं. झाली मुद्रा तयार. आजही तिचा घाट तोच आहे.

२००२ पासून या एकाच कार्यालयाच्या वाट्याला तीन वर्षांत जे आलं, ते सारं त्या वेळचे सेक्रेटरी सॅम रीड यांच्या खांद्यावर आलं. तिजोरीत खडखडाट होता आणि राज्य ग्रंथालय बंदच करून टाकावं असा प्रस्ताव पुढे आला होता. १८५३ सालचं ग्रंथालय! ते बंद होण्याऐवजी रीड यांच्या खात्यात आलं. ४ ऑक्टोबर २००४ ला चेनी गावात, ईस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवारात, राज्याचं डिजिटल पुराभिलेखागार उघडलं. राज्य सरकारच्या आणि स्थानिक कार्यालयांच्या इलेक्ट्रॉनिक नोंदी कायमच्या जपण्यासाठी खास बांधलेलं देशातलं हे पहिलंच. आणि त्यानंतर महिन्याभरात ती निवडणूक. रीड रिपब्लिकन, रॉसीही रिपब्लिकन. नोव्हेंबरअखेर रीड यांनी रॉसींचा विजय प्रमाणित केला. डिसेंबरअखेर, हातमोजणीनंतर, त्यांनी डेमोक्रॅट ग्रेग्वार यांचा विजय प्रमाणित केला आणि स्वपक्षीयांचे बोल ऐकून घेतले. जो माणूस दोन वर्षं जुने कागद वाचवण्यासाठी झटला, त्याला समोरच्या कागदावर जे आहे त्याखाली सही करणं भागच होतं, असं मला वाटतं. हे माझं मत, पुरावा नाही.

१८५३ च्या ग्रंथालयाचं थोडं सांगू द्या, कारण ते मला फार आवडतं. त्या वर्षी २ मार्चला वॉशिंग्टन टेरिटरी अस्तित्वात आली. कायदा करणाऱ्यांनी त्याच कायद्यात ५,००० डॉलर ग्रंथखरेदीसाठी बाजूला काढले. रस्ते नव्हते, विधिमंडळाची इमारत नव्हती, गोरी वस्ती म्हणावी तर काही हजारांची. पहिले गव्हर्नर आयझॅक स्टीव्हन्स यांनी पूर्वेकडे पुस्तकं विकत घेतली आणि जहाजाने रवाना केली. ते स्वतः रेल्वेच्या मार्गाची पाहणी करत खुष्कीने आले. अर्थात हेच स्टीव्हन्स पुढच्या दोन-तीन वर्षांत इथल्या मूळ जमातींकडून तहांच्या कागदांवर खुणा करून घेणार होते आणि बघता बघता जमिनी जाणार होत्या. पुस्तकं आणणारा हात आणि ते तह पुढे सरकवणारा हात एकच. त्या तहांखाली जमातींच्या प्रमुखांच्या नावापुढे फुल्या आहेत. साक्षीदारांच्या सह्या आहेत, पण ते साक्षीदार बहुतेक समोरच्या बाजूचे. दोन साक्षीदारांच्या नियमाचं मला मघाशी कौतुक वाटलं होतं. साक्षीदार कोणाचे, हे विचारायला हवं, ते तह वाचल्यापासून कळलं.

ग्रंथालयाची जी शाखा आमच्या घरात रोज बोलते, ती सिएटलमध्ये आहे. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही, अशांसाठीचं टॉकिंग बुक अँड ब्रेल लायब्ररी. डॉक्टरांच्या सहीचा एक अर्ज भरला, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत एक यंत्र घरी आलं. मोठाली बटणं, प्रत्येकाचा आकार वेगळा, बोटांनी ओळखता येईल असा. पुस्तकं निळ्या प्लॅस्टिकच्या डबीत येतात, तळहाताएवढ्या कॅसेटसारख्या काट्रिजमध्ये. डबीच्या झाकणावर एक खोबण आहे आणि तिच्यात पत्त्याचं कार्ड. एका बाजूला आमचा पत्ता, दुसऱ्या बाजूला ग्रंथालयाचा. पुस्तक ऐकून झालं की कार्ड काढायचं, उलटं करायचं, परत सरकवायचं, डबी टपालपेटीत. तिकिटाच्या जागी छापलेलं असतं: अंधांसाठी, टपाल माफ.

हे कार्ड उलटण्याचं काम आई कुणाला करू देत नाही. खोबणीत अंगठा घालून कार्ड वर ओढते, दोन्ही हातांनी उलटते, कोपरे चाचपते आणि सरकवते. कार्डाचा एक कोपरा कापलेला असतो, त्यामुळे सुलट-उलट बोटांना कळतं. ही यंत्रणा आखणाऱ्याने एकदा तरी डोळे बंद करून ती हाताळली असणार. पुस्तकांपैकी काही सिएटलमध्येच, स्वयंसेवकांच्या आवाजात ध्वनिमुद्रित झालेली असतात. त्यातल्या एका आजींचा आवाज आईला ओळखीचा झाला आहे. पानाच्या शेवटी त्या किंचित थांबतात. "पान उलटलं त्यांनी," आई म्हणते.

याच राज्य ग्रंथालयाने तुरुंगांत आणि लेकवुड आणि मेडिकल लेक इथल्या दोन मनोरुग्णालयांतही शाखा चालवल्या आहेत. मी त्या पाहिलेल्या नाहीत. पण ज्या कार्यालयाकडे मतदारयादी आहे, त्याच कार्यालयाकडे या वाचकांची पुस्तकं आहेत, हे मला योग्य वाटतं.

आता बेलिंगहॅम. हा भाग लिहायचा की नाही, यावर मी बराच विचार केला.

राज्याच्या पुराभिलेखागाराच्या पाच प्रादेशिक शाखा आहेत. त्यातली एक बेलिंगहॅमला, वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात. कॅनडाच्या सीमेजवळचं, समुद्राकाठचं हे गाव. ४ सप्टेंबर १९०७ च्या रात्री इथे चार-पाचशे गोऱ्या माणसांचा जमाव लाकडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या हिंदी, म्हणजे हिंदुस्थानातून आलेल्या, मजुरांवर तुटून पडला. मजूर बहुतेक पंजाबी शीख. गावाने सगळ्यांना सरसकट 'हिंदू' म्हटलं. बिऱ्हाडांत शिरून मारहाण केली, सामान रस्त्यावर फेकलं, पैसे लुटले, माणसांना हाकलून नगरपालिकेच्या इमारतीत नेऊन कोंडलं. दोन-चार दिवसांत झाडून सगळे गाव सोडून गेले. शिक्षा कुणालाही झाली नाही. गावच्या वर्तमानपत्राने तेव्हा गेलेल्यांविषयी जे लिहिलं, त्याबद्दल त्याच वर्तमानपत्राने १०० वर्षांनी, २००७ मध्ये, माफी मागितली. २०१८ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयाजवळच्या हिरवळीवर लाल दगडाची एक कमान उभी राहिली. आई आणि मी तिथे जाऊन आलो. तिने दगडाला हात लावून पाहिला. गार होता.

राज्य ग्रंथालयाने राज्यातली कितीतरी जुनी वर्तमानपत्रं संगणकावर फुकट वाचायला ठेवली आहेत. मी १९०७ च्या सप्टेंबरच्या बातम्या वाचत बसले. मला नावं हवी होती. गिरण्यांची नावं मिळाली, रस्त्यांची मिळाली. हाकललेल्या माणसांचे आकडे मिळाले. मी वाचलेल्या पानांत त्यांची नावं जवळपास नव्हतीच. दोनशेच्या आसपास माणसं, प्रत्येकाला आईने ठेवलेलं नाव, आणि कागदावर फक्त 'हिंदू'. त्यांची सही जुळते का, हा प्रश्न कुणाला पडणार नव्हता, कारण त्यांची सही कुणी मागितलीच नव्हती.

भगतसिंग थिंड यांचं नाव मात्र कागदावर आहे. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकी सैन्यात होते, याच राज्यातल्या कॅम्प लुइसमध्ये. ९ डिसेंबर १९१८ ला, गणवेश अंगावर असतानाच, त्यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला. चार दिवसांत तो रद्द झाला. पुढे ऑरेगनमध्ये त्यांना परत नागरिकत्व मिळालं, खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ मध्ये निकाल लागला: हिंदी माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. ही वाट उघडली १९४६ मध्ये, आणि तीही वर्षाला १०० हिंदी स्थलांतरितांच्या कोट्यासकट. या राज्याच्या मूळ घटनेत आणखी एक पाचर होती. नागरिक होण्याचा इरादा ज्याने जाहीर केलेला नाही, अशा परदेशी माणसाला जमीन घेता येणार नाही. आशियाई माणसाला नागरिक होताच येत नव्हतं, म्हणजे जमीनही नाही. १९२१ च्या कायद्याने खंडाने घेणंही बंद केलं. हे कलम काढावं का, असं मतदारांना १९६० मध्ये विचारलं. ते नाही म्हणाले. १९६२ मध्ये परत विचारलं. परत नाही. १९६६ मध्ये हो म्हणाले.

हे सगळं मतदार पुस्तिकांतून गेलेलं आहे. १९१४ पासून हे राज्य निवडणुकीआधी पुस्तिका छापतं. कुठल्या प्रस्तावाच्या बाजूने काय, विरोधात काय, दोन्हींची कैफियत समोरासमोर. आमच्याकडे ही पुस्तिका मी मोठ्याने वाचते. तिची ध्वनिमुद्रित आवृत्तीही मिळते, पण आईला घरचा आवाज हवा असतो, कारण मध्येच थांबवून वाद घालता येतो. ती एकही उमेदवार गाळू देत नाही. सरकारी जमिनींच्या आयुक्तपदाला, म्हणजे जंगलं आणि वणवे ज्याच्याकडे, त्या पदाला उभ्या राहिलेल्या सगळ्यांची निवेदनं तिने दोनदा ऐकली आणि मगच सांगितलं कुठे खूण करायची ते. मी तिचा पेनचा हात, ती डोकं.

आईचा नागरिकत्वाचा दाखला माझ्या कपाटात एका प्लॅस्टिकच्या खोळीत आहे. त्यावर तिची सही आहे, इंग्रजी, शिकवलेली. त्या दाखल्याच्या मागे किती वर्षांची रांग उभी आहे, ते तिने तो घेतला तेव्हा मला माहीत नव्हतं. तिला होतं का, हे मी विचारलेलं नाही.

यंदा ऑगस्टची प्राथमिक निवडणूक आली. मतपत्रिका आली त्या दिवशी आईने आधी काळी पट्टी मागितली. काउंटरवरच्या बाईंनी ती तिला देऊनच टाकली होती. ती तिच्या चष्म्याच्या घरात असते. दोन संध्याकाळी वाचन झालं, तिसऱ्या संध्याकाळी खुणा झाल्या. मतपत्रिका आवरणात, आवरण पाकिटात, पाकिटाची कड आईनेच ओली करून दाबली. मी पट्टी धरली. आद्याक्षर, आडनाव, शिरोरेघ. मग पट्टी बाजूला, रेघ, टिंब, टिंब.

त्याच दिवशी एक पुस्तकही संपलं होतं. आईने डबीवरचं कार्ड ओढून काढलं, उलटलं, कापलेला कोपरा बोटाने शोधला आणि सरकवून दिलं. सकाळी मी दोन्ही घेऊन निघाले तर म्हणाली, "थांब, मीच देते." टपालवाली बाई फाटकाशी आली होती. आईने एका हातात पाकीट आणि दुसऱ्यात निळी डबी पुढे केली. दोन्हींवर तिकीट नव्हतं. बाईंनी दोन्ही घेतलं, पाकिटावरची सही क्षणभर पाहिली आणि विचारलं, ही कुठली लिपी?

आईने मला बोलू दिलं नाही. इंग्रजीत तिने स्वतःच सांगितलं, आणि मग हवेत बोटाने शिरोरेघ ओढून दाखवली.